‘चालकाचा ताबा सुटला’ म्हणजे नेमकं काय झालं? आपल्या रस्त्यांवर कारचे अपघात का होतात, समजून घ्या

अहिल्यानगर : ‘चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने भरधाव कार झाडावर आदळली.’ हे वाक्य तुम्ही आमच्या बातम्यांमध्ये कितीतरी वेळा वाचलं असेल. आम्हीही ते तितक्याच वेळा लिहिलं आहे. पोलीस ठाण्यातून फोनवर माहिती येते, नावं, गाव, वेळ लिहून घेतली जाते आणि कारण म्हणून हे तयार वाक्य टाकलं जातं. खरं बघितलं तर त्यातून काहीच कळत नाही. ताबा सुटला, पण का सुटला? त्याच्या आधीच्या चार-पाच सेकंदात काय घडलं? घरातला माणूस गेला त्यांनाही बहुतेक वेळा याचं उत्तर मिळत नाही. ‘नशीब’ म्हणून विषय संपतो.

आज बातमी नाही, ही माहिती आहे. राहुरी, नेवासा, श्रीगोंदा, संगमनेर, पाथर्डी अशा तालुक्यांतल्या रस्त्यांवर कार चालवताना जी कारणं पुन्हा पुन्हा समोर येतात, ती इथे सविस्तर दिली आहेत. घरात कोणी गाडी चालवत असेल तर त्यालाही वाचायला द्या.

आधी थोडे सरकारी आकडे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यात महाराष्ट्रातले मृत्यू १५ हजार २२४. मृत्यूंच्या संख्येत उत्तर प्रदेश आणि तामिळनाडूनंतर आपला नंबर. आणि यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की देशातले जवळपास ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागात झाले. शहरात गाड्या जास्त, गर्दी जास्त, पण तिथे वेगच मिळत नाही. माणसं मरतात ती आपल्याकडच्या मोकळ्या रस्त्यावर.

त्याच अहवालात ७१ टक्के मृत्यूंचं कारण ‘अतिवेग’ असं दिलं आहे. ते खोटं नाही. पण पंचनाम्यात एक रकाना भरायचा असतो आणि ‘अतिवेग’ लिहिणं सगळ्यात सोपं. रस्त्यावर अंधारात उभी असलेली ट्रॉली, खचलेली साईडपट्टी, चालकाला लागलेली डुलकी, हे सगळं त्या एका शब्दाखाली दबून जातं. म्हणून वेगाचं गणित आधी समजून घेऊ, मग बाकीचं.

ब्रेक दाबला की गाडी थांबते, हा गैरसमज

समोर काहीतरी दिसलं, ते डोक्यात गेलं, पाय ॲक्सिलेटरवरून ब्रेकवर आला, यात जागा माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो. ताशी ८० किमी वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी ३३ मीटरपर्यंत पुढे गेलेली असते. त्यानंतर चांगले टायर, कोरडा डांबरी रस्ता असला तरी थांबायला आणखी ३५ मीटरच्या आसपास लागतात. बेरीज करा, ६५ ते ७० मीटर. ६० च्या वेगात हेच अंतर ४५ मीटर भरतं. १०० च्या वेगात जवळजवळ १०० मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, दुप्पट नाही. रस्ता ओला असेल, टायर गोटा झाला असेल किंवा गाडीत सात माणसं कोंबली असतील तर यापेक्षाही जास्त.

साध्या, मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कारला केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार जास्तीत जास्त ७० किमी वेग ठरवून दिला आहे. आपल्याकडे ७० ने चाललं की मागचा हॉर्न वाजवतो, हेही खरं.

उसाची ट्रॉली आणि अंधार

आपल्या जिल्ह्यासाठी हा सगळ्यात मोठा विषय आहे, म्हणून इथे जरा जास्त लिहितो.

दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत रस्त्यावर ऊस असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर उसाच्या मोळ्या इतक्या रचलेल्या की ट्रॉलीची बॉडीच दिसत नाही. मागे लाल दिवा नाही. असला तर वायर तुटलेली. रेडियम लावलेलं असलं तर त्यावर चिखलाचा थर किंवा वरून वाढी लोंबलेली. खेपा वाढवायच्या म्हणून निम्मी वाहतूक रात्री चालते. त्यातली एखादी पंक्चर होते, एखादीचा जू तुटतो, आणि ती जागच्या जागी रस्त्यात उभी राहते. ड्रायव्हर पंक्चरवाल्याला आणायला गावात जातो. मागे खूण म्हणून दोन दगड आणि एक झाडाची फांदी.

आता वरचं गणित इथे लावून बघा. डिपरवर गाडीच्या साध्या दिव्यांचा उपयोगी उजेड साधारण ४०-५० मीटर पडतो. तुम्ही ८० ने चालला आहात, थांबायला ७० मीटर पाहिजेत. म्हणजे ट्रॉली दिसली त्या क्षणी, तुम्ही कितीही चांगले ड्रायव्हर असा, गाडी थांबणारच नाही. हातात फक्त दोन सेकंद असतात. त्यात माणूस स्टिअरिंग उजवीकडे ओढतो, आणि समोरून काही येत असेल तर दुसरीच धडक होते. नाही ओढलं तर कार ट्रॉलीखाली घुसते. ट्रॉलीचा मागचा भाग कारच्या बॉनेटच्या वरच्या उंचीला असतो. त्यामुळे पुढचा बंपर, एअरबॅग यांचा काही फायदा व्हायच्या आत धडक थेट काचेला आणि डोक्याला बसते. अशा अपघातात पुढच्या सीटवरची माणसं वाचणं अवघड असतं ते यामुळे.

समोरच्या गाडीने अप्पर मारला असेल तर आणखी वाईट. डोळे दिपतात आणि पुन्हा नीट दिसायला काही सेकंद जातात. ते काही सेकंद तुम्ही आंधळे असता. आजकाल बाहेरून बसवलेले पांढरे एलईडी दिवे सगळ्यांनाच हवे असतात, पण समोरच्याला आंधळा केला तर तो तुमच्याच अंगावर येणार आहे, हा विचार कोणी करत नाही.

यावर उपाय काय? हंगामात रात्री कार चालवायची तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५०-६० च्या वर जाऊ नका. उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, एवढंच ते मोजमाप. समोरून गाडी आली की वेग कमी करा आणि नजर तिच्या दिव्यांवर न ठेवता आपल्या डाव्या बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा. पट्टी नसेल तर रस्त्याच्या कडेवर.

ट्रॅक्टरवाल्यांसाठीही दोन शब्द, कारण आमच्या वाचकांत तेही खूप आहेत. रेडियमची पट्टी काहीशे रुपयांत मिळते. हंगामाच्या तोंडावर कारखाने आणि आरटीओ ती लावूनही देतात. ती ट्रॉलीच्या बॉडीवर लावून भागत नाही, कारण ऊस भरला की ती झाकली जाते. मागच्या बाजूला एक लाल-पांढरा बोर्ड किंवा पट्टी लावलेलं पोतं मोळ्यांच्या बाहेर लटकवलं तर ते लांबून चमकतं. ट्रॉली बंद पडली तर ती साईडला घ्या. घेताच आली नाही तर मागे निदान ५० मीटरवर चमकणारा त्रिकोण ठेवा, आणि एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्याच्या बाहेर उभा करा. दगड ठेवू नका. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि पहाटे दुधाची गाडी त्यावर जाते. स्वतः मी एकदा रात्री घोडेगावकडून येताना असाच एक दगड चुकवला. ट्रॉली कधीच गेली होती. मागे बायको आणि मुलगा झोपले होते, त्यांना कळलंही नाही.

ओव्हरटेक : नऊ सेकंदांचा हिशोब

समोर ५० ने चाललेला ट्रक आहे, तुम्ही ७० ने त्याच्या पुढे जाणार. तुमच्या वेगातला फरक फक्त २० किमी. ट्रकच्या मागून सुटून, त्याची लांबी पार करून, पुढे सुरक्षित अंतरावर परत डावीकडे यायला साधारण नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही १७५ मीटर जाता. समोरून ८० ने येणारी गाडी तेवढ्याच वेळात २०० मीटर जवळ येते. म्हणजे पावणेचारशे मीटर रस्ता मोकळा दिसत असेल तरच बाहेर निघायचं. वळणावर, चढाच्या टोकाला, पुलावर एवढा रस्ता दिसतच नाही.

आपल्याकडे एक सवय आहे. पुढच्या गाडीने ओव्हरटेक केला की तिच्या मागोमाग दुसरा निघतो, ‘तो गेला म्हणजे रस्ता मोकळा आहे’ असं समजून. तो गेला तेव्हा मोकळा होता. तुम्ही निघालात तेव्हा तिथे एसटी आहे.

साईडपट्टी खचलेली असेल तर

हे कारण कुठल्याच पंचनाम्यात दिसत नाही, पण जुन्या ड्रायव्हरांना विचारा. रस्त्यावर दरवेळी डांबराचा नवा थर पडतो, शेजारची मुरमाची साईडपट्टी मात्र भरली जात नाही. मग डांबर आणि माती यात वीतभर पायरी तयार होते. समोरून गाडी आली, तुम्ही डावीकडे दबलात, डावी चाकं खाली उतरली. इथपर्यंत काहीच बिघडलेलं नाही. बिघडतं ते पुढे. माणूस घाबरून स्टिअरिंग जोरात उजवीकडे ओढतो. चाक त्या पायरीला घासत राहतं, चढत नाही, आणि एकदम चढलं की वळवलेल्या चाकामुळे गाडी झटक्यात रस्त्याच्या पलीकडे जाते, समोरच्या गाडीवर किंवा पलीकडच्या झाडावर, नाहीतर उलटते. ‘ताबा सुटला’ तो हा.

चाक खाली गेलं तर स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरा, ॲक्सिलेटर सोडा, कचकन ब्रेक दाबू नका. गाडी पुरती हळू होऊ द्या, मागे-पुढे बघा आणि मग पायरी कमी असेल तिथून सावकाश वर घ्या. थोडं अंतर मुरमातून चालली तर गाडीला काही होत नाही.

हाच नियम जनावराच्या बाबतीतही. कुत्रं, रानडुक्कर, गाय आडवी आली की हात आपोआप स्टिअरिंग फिरवतो. आपल्या रस्त्यांच्या कडेला चिंचेची, वडाची जुनी झाडं आहेत आणि काही ठिकाणी रस्त्याला लागून कठडा नसलेल्या विहिरी आहेत. सरळ रेषेत जोरात ब्रेक दाबणं हे जनावर चुकवण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच कमी धोक्याचं असतं. ऐकायला कठोर वाटेल, पण गाडीत माणसं आहेत.

रस्त्यावर सांडलेल्या गोष्टी

मृगाच्या पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ, ऑईल आणि पाणी मिसळून जो चिकट थर होतो तो तासाभराच्या मोठ्या पावसानंतरच्या रस्त्यापेक्षा जास्त घसरडा असतो. ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरीवर आला की काळ्या मातीचे गोळे पडतात, वरून चार थेंब पडले की तिथे साबण झालाच म्हणून समजा. पाचट, सोयाबीनचा भुसा, रस्त्यावर मळणीला पसरलेलं धान्य, यावरही टायरची पकड सुटते. रस्त्यावर खळं करणाऱ्याचं धान्य वाळतं, पण मोटारसायकलवाला पडतो आणि त्याला चुकवताना कारवाला. दोन्ही बाजू आपल्याच गावच्या असतात म्हणून तक्रार कोणी करत नाही.

पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, यावर जास्त लिहायची गरज नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की फूटभर वाहतं पाणी छोटी कार तरंगवायला पुरतं आणि दोन फुटांत जीपसुद्धा वाहून जाते. दरवर्षी ‘पुढचा गेला ना’ म्हणून कोणीतरी घालतोच.

डुलकी

देवदर्शन, लग्न, हळद. आपले लांबचे प्रवास बहुतेक रात्री होतात. तुळजापूर, पंढरपूर करून ‘सकाळी कामावर जायचंय’ म्हणून रातोरात परत. दिवसभर जागा असलेला माणूसच ड्रायव्हर, कारण गाडी त्याची आहे.

रात्री दोन ते पहाटे पाच आणि दुपारी जेवणानंतर दोन ते चार, या वेळात शरीराला झोप हवीच असते. चहा, गाणी, काच खाली करणं, तोंडावर पाणी मारणं, याने पाच-दहा मिनिटं तरतरी येते, झोप जात नाही. आणि डुलकी कधी लागली ते ज्याला लागली त्याला कळत नाही. तीन सेकंद डोळे मिटले तर ८० च्या वेगात गाडी ६६ मीटर कोणीही न चालवता गेलेली असते. डुलकीच्या अपघाताची खूण म्हणजे रस्त्यावर ब्रेकचे काळे पट्टे नसतात.

समृद्धी महामार्गावर हा धोका वेगळ्या तऱ्हेने आहे. ७०१ किमीचा सरळसोट सिमेंटचा रस्ता, ना गाव, ना चौक, ना खड्डा. एकाच वेगात तासभर गाडी चालली की डोळे उघडे असूनही मेंदू सुस्तावतो. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. टायर फुटल्याचं चालकाने सांगितलं होतं, आरटीओच्या तपासणीत मात्र तसा पुरावा मिळाला नाही.

सतत जांभई, मागचा एखादा किलोमीटर कसा गेला ते न आठवणं, गाडी पट्ट्यावर जाऊन परत येणं, यातलं एकही झालं की थांबा. पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात गाडी लावून १५-२० मिनिटं झोपा. रस्त्याच्या कडेला नको, तिथे मागून कोणी येऊन ठोकतं. आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा नियम आजही बरोबर आहे.

टायर फुटणे

टायर बहुतेक वेळा जास्त हवेने नाही, कमी हवेने फुटतो. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते आणि उलगडते, त्यातून उष्णता तयार होते. गावातल्या ४० च्या वेगात काही होत नाही. तीच गाडी पाच माणसं आणि सामान घेऊन मे महिन्याच्या दुपारी महामार्गावर १०० ने तास-दोन तास पळवली की टायर आतून सुटतो. किती हवा पाहिजे ते ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.

टायरवर चार आकडे एका लंबगोलात छापलेले असतात. समजा २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. जुनी गाडी घेताना लोक किलोमीटर बघतात, हे आकडे कोणी बघत नाही. कमी फिरलेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही रबर कडक होऊन चिरलेले असू शकतात. नक्षीची खोली १.६ मिमीच्या खाली गेली की टायर बदलायचाच.

चालत्या गाडीचा टायर फुटला तर ब्रेकवर पाय ठेवू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलेटर हळू सोडा, गाडी आपोआप मंदावली की कडेला घ्या.

घाटात न्यूट्रल

करंजी घाट, चंदनापुरी घाट, इमामपूर घाट, माळशेज. उतारावर डिझेल-पेट्रोल वाचतं म्हणून गाडी न्यूट्रल करणारे अजून आहेत. गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. काहीजण तर चावीच बंद करतात. मग ब्रेकला मदत करणारी यंत्रणा थोड्या वेळात संपते, पेडल दगडासारखं कडक होतं आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलेटरवरून काढला तर तसंही जवळजवळ इंधन घेत नाहीत. तेव्हा वाचत काहीच नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

दारू, मोबाईल, पोरगं

१०० मिली रक्तात ३० मिग्रॅपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की गुन्हा. पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘थोडीच घेतली’ याला अर्थ नाही. मोबाईलचं गणित डुलकीसारखंच, फक्त इथे डोळे उघडे असतात पण दुसरीकडे असतात.

पोरांचं मात्र बोलायला पाहिजे. आठवीतला मुलगा ट्रॅक्टर चालवतो याचं आपल्याकडे कौतुक होतं, दहावीत तो कार घेऊन तालुक्याला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. लायसन नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. शेती विकायची वेळ येते ती इथे.

मागच्या सीटचा बेल्ट

बेल्ट अपघात टाळत नाही, पण अपघातातून घरी कोण येणार ते बऱ्याचदा तोच ठरवतो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. गाडी महागडी, एअरबॅग भरपूर. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

ताशी ५० किमी वेगात आदळणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, जवळपास ३० फुटांवरून खाली पडणं. गाडी थांबते, माणूस त्याच वेगात पुढे जातो. मागे बसलेला ६०-७० किलोचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो आणि बेल्ट लावलेल्या पुढच्यालाही चिरडतो. मांडीवरचं लेकरू हातात धरून राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन बसणं सगळ्यात धोक्याचं, कारण एअरबॅग फुगते ती त्या मुलाच्याच अंगावर. पुढे बघून बसणाऱ्या मागच्या प्रवाशांनाही बेल्ट कायद्याने बंधनकारक आहे. सीटकव्हर घालताना बेल्टची खाच आत दाबली गेली असेल तर ती आजच वर काढा. बीप आवाज बंद करायला जी नुसती क्लिप मिळते ती फेकून द्या.

अपघात झालाच तर

१०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. आधी इंजिन बंद करा, पार्किंगचे दिवे लावा. जखमीला ओढून काढू नका, मान हलली तर मणक्याला इजा होते. आग किंवा पाण्याचा धोका असेल तरच बाहेर काढा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कपडा दाबून धरा. पाणी पाजू नका.

आणि बघायला रस्त्यावर उभे राहू नका. २० जुलै २०२३ च्या मध्यरात्री अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर एका अपघाताभोवती जमलेल्या गर्दीत भरधाव कार घुसली आणि नऊ जण गेले. मदत करणाऱ्यांतल्या दोघांनी लांब मागे जाऊन येणाऱ्या गाड्यांना मोबाईलची बॅटरी दाखवावी, बाकीच्यांनी रस्त्याच्या खाली उतरावं.

मदत केली तर पोलीस आपल्यालाच अडकवतील, ही भीती आता सोडा. मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही, दवाखाना पैसे मागू शकत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही तुमच्यावर. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला केंद्राच्या ‘राह-वीर’ योजनेत २५ हजार रुपये मिळतात.

मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार बिनपैशाचे मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे. भरती करतानाच ‘रस्ता अपघात, कॅशलेस’ असं स्पष्ट सांगा आणि पोलिसांत नोंद झाली का ते बघा. ठोकणारी गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही, तरी हिट अँड रन योजनेत मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. गाडी सापडली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा, त्याला कायद्याने सहा महिन्यांची मुदत ठेवली आहे, म्हणून दहावा-तेरावा झाला की वकिलाला भेटा. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल किंवा दवाखान्याची कागदं, आधार, आणि गेलेल्या माणसाच्या कमाईचा पुरावा लागतो. शेतकऱ्याकडे पगारपत्रक नसतं. सातबारा, कारखान्याची ऊसबिलं आणि डेअरीची दूधबिलं जपून ठेवली असतील तर तीच कामाला येतात.